हायड्रॉक्सिक्विनोन हाताळताना या चुका टाळा

हायड्रॉक्सिक्विनोन म्हणजे ओएच (हायड्रॉक्सिल) गट असलेले क्विनोन, आणि क्विनोन म्हणजे वलयात दोन कार्बोनिल (C=O) असलेले रेणू. त्यांच्या कामात बहुतेक घोळ एकाच समजातून होतो: रेणूत ओएच गट दिसला की तो फिनॉलसारखाच, म्हणजे दुर्बल आम्लासारखा, वागणार. तो कोणत्या कार्बनवर आहे हे आधी पाहा.

मेंदीतला लॉसोन आणि अक्रोडातला जुग्लोन घ्या. दोघांचे रेणुसूत्र एकच, रेणुभारही एकच, १७४. लॉसोनमध्ये ओएच गट क्विनोनच्या वलयावरच, दुसऱ्या स्थानी आहे. तिथला प्रोटॉन गेला की ऋणभार दोन ऑक्सिजनांत वाटला जातो, म्हणून त्याचा पीकेए (आम्लतेचे माप; जितका कमी, तितके आम्ल तीव्र) सुमारे ४, जवळपास अ‍ॅसिटिक आम्लाइतका. जुग्लोनमध्ये तो पाचव्या स्थानी, शेजारच्या कार्बोनिलशी हायड्रोजन बंधाने जखडलेला. त्यामुळे जुग्लोन बराच दुर्बल आम्ल आहे.

इथेच सर्वांत महागडी चूक घडते. अर्क बायकार्बोनेटने धुतला की लॉसोन क्षार होऊन पाण्याच्या थरात उतरतो आणि तो थर सिंकमध्ये ओतला जातो. पाणी नारिंगी-लाल दिसले तर हात आवरा. आम्ल घालून पीएच २ पर्यंत आणा आणि एथिल अ‍ॅसिटेटने पुन्हा काढून घ्या. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत) लॉसोनच्या ठिपक्याला शेपटी निघते तीही याच आम्लतेमुळे. द्रावकात किंचित अ‍ॅसिटिक आम्ल घातले की ठिपका सुटसुटीत येतो.

ओळख पटवताना केवळ रेणुभारावर विसंबू नका. प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन दाखवणाऱ्या वर्णपटात) जुग्लोनचा बांधलेला ओएच १२ पीपीएमच्या (त्या वर्णपटाच्या मोजपट्टीचे एकक) आसपास टोकदार दिसतो. लॉसोनमध्ये क्विनोन वलयावरचा एकटा हायड्रोजन ६.३ च्या जवळ येतो.

मिथिलीकरणात, म्हणजे ओएचच्या हायड्रोजनजागी मिथिल गट बसवताना, एकच कृती दोघांना लावली तर पस्तावाल. जुग्लोनला तीव्र अल्कली दिली की क्विनोन वलय बिघडून काळा डांबरी गाळ उरतो. मिथिल आयोडाइडबरोबर सिल्व्हर ऑक्साइड वापरणे सौम्य. लॉसोनच्या सिल्व्हर क्षारापासून मात्र १,४ बरोबर १,२-क्विनोनचा ईथरही मिळतो. त्याच्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये उकळणे मला अधिक भरवशाचे वाटते. प्राथमिक अमाइन (एनएच₂ गटाची संयुगे) आणि थायॉल (एसएच गटाची संयुगे) जुग्लोनच्या दुहेरी बंधावर जाऊन बसतात, हेही ध्यानात असू द्या.

रंग पालटला म्हणजे अभिक्रिया झाली, असे लगेच लिहून टाकू नका. हे रेणू पीएचनुसार आणि धातूच्या आयनांमुळेही रंग बदलतात. अ‍ॅलिझरिन हा दुसरा हायड्रॉक्सिक्विनोन अल्कलीत जांभळा होतो, अ‍ॅल्युमिनियमबरोबर लाल ‘लेक’ (अविद्राव्य रंगद्रव्य) देतो. शंका आली तर थोडा नमुना आम्लयुक्त करा. मूळ रंग परतला तर बहुधा फक्त प्रोटॉन गेला होता.