पॅड नवीन टाकले, तरी ब्रेकचा त्रास? कसाऱ्याला निघायच्या आधी हे बघा

पॅड बदलून झाले की लगेच गिअर टाकू नका, आधी उभ्या गाडीत पेडल दाबा. पॅड बसवताना कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिल्यांदा पेडल सरळ खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. कडक होईपर्यंत हळूहळू दाबत राहा, मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची लेव्हल बघा. पिस्टन ढकलल्यावर ऑइल वर चढतं, बाहेर सांडलं असेल तर लगेच पाण्याने धुवा, कलर खराब करतं ते.

पेडल कडक झालं आणि इंजिन चालू केल्यावर थोडंसं खाली गेलं तर घाबरू नका, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काम करतोय. पण दाबल्यावर मऊ, स्पंजसारखं लागत असेल आणि पंप केल्यावरच कडक होत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, ती काढावी लागते. पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसतंय? मग कुठेतरी लीक किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा पंप) गेलाय, गाडी अजिबात हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. ऑइल टाकायचं तर झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच आणि सीलबंद बाटलीतलं, उघडी बाटली हवेतला ओलावा ओढते.

आता आवाज. सुरुवातीला थोडी कुईकुई होते, पॅड बसले की कमी होते. राहिलीच तर चाक काढून पॅडमागची शिम (पातळ पत्रा) आणि क्लिप नीट बसलीये का बघा, कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लाइड पिन हाताने सहज सरकली पाहिजे, तिला ब्रेकचंच ग्रीस लावा, साधं नाही, आणि पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तर चुकूनही लागू देऊ नका. लोखंड घासल्यासारखी खरखर येत असेल तर गाडी थांबवाच.

ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते म्हणून लोक डावं चाक खोलून बसतात, पण बरेचदा दोष उजवीकडे असतो कारण तिथला ब्रेक कमी धरतोय, पिन जाम किंवा पॅडला तेल लागलेलं. ब्रेक न मारताही ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते तिथला ब्रेक सुटत नाहीये. थोडं फिरून या आणि रिमजवळ हात न्या, टेकवू नका, एकच चाक जास्त तापलं असेल तर तेच.

पेडल थरथरत असेल तर डिस्क तपासा, कमीत कमी जाडी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं.

हे सगळं ठीक असेल तर पॅड बसवून घ्या, म्हणजे डिस्कवर घासून नीट जुळवून घ्या, हे लोक टाळतात आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहाटे नाशिकच्या पेठ रोडला रिकामा पट्टा बघून ५०-६० च्या स्पीडवरून १० पर्यंत आणा, मध्ये थोडं चालवून गार होऊ द्या, असं ८-१० वेळा, पूर्ण थांबायचं मात्र नाही.

त्यानंतरच कसारा घाट किंवा वणीचा सप्तशृंगी गड. उतारावर खालचा गिअर ठेवा, सारखा पाय ब्रेकवर नको. घाटात पेडल मऊ पडायला लागलं तर लगेच सुरक्षित जागा बघून बाजूला थांबा आणि ब्रेक पूर्ण गार होऊ द्या, आणि घरी आल्यावर ऑइल शेवटचं कधी बदललं ते तपासा, जुनं ऑइल लवकर उकळतं.