आधी पोटावर झोपा, मग कॅमेरा काढा

माझ्या फुलांच्या फोटोग्राफीच्या कार्यशाळेत सुरुवातीला कॅमेरा पिशवीतच राहतो. पोटावर झोपा आणि फुलाच्या उंचीवरून मागे काय दिसतं ते बघा. मागची वाळकी काडी नजरेत खुपते ना? ती उपटू नका, तुम्ही वीतभर सरका. वारा असेल तर शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) बेलाशक वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेलं फूल नाही. ऊन कडक झालं की फुलावर पांढरी छत्री धरायची.

फूल आणि डोंगर दोन्ही हवेत? वाइड लेन्स (रुंद दृश्य टिपणारी), एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही जास्त स्पष्ट), ट्रायपॉड. तरीही डोंगर धूसर आला तर एक फोटो फुलावर फोकस करून, दुसरा डोंगरावर, आणि दोन्ही घरी जोडा. वाऱ्यात हे जमत नाही. आणि हो, झोपण्याआधी अंगाखाली कोवळी रोपं नाहीत ना, हे मी दर वेळी ओरडून विचारते.