लेखापरीक्षणाच्या प्रकल्पात संगणक वापरताना या चुका टाळा

एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.साठी खरे हिशेब पाहायचे असतील, तर कोल्हापुरात दारे ठोठावायला जागा पुष्कळ आहेत: पतसंस्था, गावोगावच्या दूध संस्था, शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या अडत पेढ्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या. अडचण आकडे हाती आल्यानंतर सुरू होते. तक्ता देखणा निघतो, पण त्यातील एखादी रक्कम कोणत्या व्हाउचरवरून आली, असे तोंडी परीक्षेत विचारले की विद्यार्थी गप्प होतो.

सर्वाधिक नुकसान सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिक करून उघडल्याने होते. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते, त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि ‘००४५’ या पावती क्रमांकाचा ‘४५’ होतो. तारखांचा घोटाळा याहून छुपा असतो. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल, तर ०४/०५/२०२४ म्हणजे ४ मे ही तारीख ५ एप्रिल म्हणून वाचली जाते, पण १३/०५/२०२४ ही तारीख त्या मांडणीत बसत नसल्याने मजकूर म्हणूनच राहते; म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा बदललेल्या आणि काही न वाचलेल्या असतात, तरीही पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. अशा फाइलवर वर्षअखेरच्या व्यवहारांची तपासणी करणे व्यर्थ आहे. उपाय असा, की फाइल ‘डेटा’ या टॅबमधून आयात करावी, खाते व पावती क्रमांकांचे रकाने ‘टेक्स्ट’ ठरवावेत, तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा निवडावा आणि मराठी अक्षरे बिघडत असतील तर यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत पद्धत घ्यावी. त्यानंतर ओळींची संख्या आणि रकमांची बेरीज संस्थेच्या छापील अहवालाशी जुळवावी. ती जुळेपर्यंत पुढचे एकही सूत्र लिहू नये. मूळ फाइल तशीच ठेवून काम नेहमी प्रतीवर करावे, हे वेगळे सांगायला नको.

सभासदांच्या याद्या नावावरून जुळवू नयेत. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ हे संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात, तर एकाच गावात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तंतोतंत सारखे असलेले दोन सभासद सापडणे आपल्याकडे मुळीच नवलाचे नाही. व्ही-लुकअप हे एक्सेलचे शोधसूत्र अशा वेळी पहिला सापडलेला उचलते. जुळणी सभासद क्रमांकावरूनच करावी.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या शैक्षणिक आवृत्तीबाबतची चूक मात्र शिक्षकांच्याही नजरेतून सुटते. या आवृत्तीत पहिली, दुसरी आणि ३१ अशा मोजक्याच तारखांना नोंद करता येते. जर्नल नोंदी व गट शिकवायला तेवढे पुरते, परंतु त्याच सरावाच्या कंपनीवरून येणे रकमांचे वयोमान (कोणती रक्कम किती दिवस येणे आहे ते) काढायला सांगितले, तर उत्तर त्या तारखांच्या मर्यादेतून आलेले असते आणि विद्यार्थी त्याचा अर्थ ग्राहकांच्या सवयीशी जोडतो. अशा विषयासाठी परवानाधारक आवृत्ती किंवा तारखांसह तयार केलेली वर्कशीट वापरावी. तसेच तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळली म्हणजे नोंदी बरोबर आहेत, हा समजही सोडावा; यंत्रदुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात टाकला तरी तेरीज बिनतक्रार जुळते.

संशोधनात सध्या बेनफर्डच्या नियमाची चलती आहे. नैसर्गिकरीत्या पसरलेल्या रकमांत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३०.१ टक्के, तर ९ असण्याचे सुमारे ४.६ टक्के असते, आणि यापासून मोठी तफावत दिसली तर त्या नोंदी अधिक तपासाव्यात, एवढाच त्याचा उपयोग. पतसंस्थेच्या पिग्मी वसुलीला हा नियम लावणे मात्र निरर्थक आहे. रोज ५० किंवा १०० रुपये भरणाऱ्या खातेदारांमुळे १ आणि ५ हेच अंक वरचढ ठरतात, त्यात अफरातफर शोधू नये. भागभांडवलाचेही तसेच, कारण भागाची किंमत ठरलेली असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला लेखापरीक्षणाचा प्रश्न विचारला, की ते कधी अमेरिकी मानक सांगते, कधी नसलेला संदर्भ रचून देते. नमुना तपासणीसाठी भारतात एसए ५३० हे लेखापरीक्षण मानक लागू आहे; अमेरिकेतील एएस २३१५ प्रकल्पात उतरवला, तर परीक्षक पुढचे पान वाचत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक झाले, ते कंपन्यांना. सहकारी पतसंस्थेचे लेखापरीक्षण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार होते. हा फरक साधन आपणहून सांगेल, असे धरून चालू नये. मूळ तरतूद उघडून वाचावी.

शेवटची गोष्ट संस्थेच्या विश्वासाची आहे. सभासदांची नावे, खाते क्रमांक आणि थकबाकी असलेली शीट अशा साधनावर जशीच्या तशी चढवू नये. नावांच्या जागी संकेतांक घालावेत, इतर ओळखीचे रकाने काढून टाकावेत आणि संकेतांकांची यादी संस्थेच्या सचिवांकडेच ठेवावी.