मृगाआधीच फाळ, फण आणि रोटाव्हेटरच्या पात्यांना कठीण थर चढवून घ्या

उन्हाळी नांगरट आटोपली की अवजारं तशीच शेडात लोटली जातात आणि वाफसा आल्यावर झिजलेला फाळ आठवतो. तेव्हा वेल्डिंगच्या दुकानात नंबर लागत नाही. मे महिन्यातच हे काम उरका.

लोखंड झिजवते ती मातीतली वाळू. तिच्यातल्या गारगोटीचा कठीणपणा विकर्स मापाने हजाराच्या आसपास, साध्या लोखंडाचा दीडशेच्या घरात आणि पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून बुडवून कठीण केलेल्या, चांगल्या पोलादाचा पाचशेच्या आसपास. कठीण थर चढवायच्या वेल्डिंग रॉडमधून येणारे क्रोमियम कार्बाइडचे कण मात्र दीड हजारापर्यंत जातात. भंडारा-गोंदियाकडच्या रेताड जमिनीत म्हणूनच या रॉडचा थर टिकतो. दगडगोट्यांच्या मुरमाड माळावर तो घेऊ नका. ठिसूळ असल्याने त्याचे टवके उडतात. तिथे जरा कमी कठीण पण चिवट रॉड मागा.

थर नव्या पात्यावरच द्या. निम्मं झिजलेल्या पात्यावर दिलेला थर म्हणजे पैसे पाण्यात. रंग-गंज ग्राइंडरने काढून एकाच अंगाला दोन-तीन मिलिमीटर थर पुरे. दुसरं अंग आधी झिजतं, त्यामुळे धार टिकून राहते. थरावर केसासारख्या आडव्या चिरा दिसल्या तर घाबरू नका, या रॉडला त्या पडतातच. चीर खालच्या पोलादात उतरली असेल तर मात्र ते पातं वापरू नका. गरम पातं पाण्यात बुडवू देऊ नका, कोरड्या राखेत सावकाश निवू द्या. रोटाव्हेटरच्या पात्याला बोल्टच्या भोकाजवळ आणि वाकाजवळ वेल्डिंग नकोच, तुटलेला तुकडा माणसाच्या अंगावर येतो. सगळ्या पात्यांना थर सारखाच हवा, नाहीतर रोटर थरथरून बेअरिंग जातं. क्रोमियमचा धूर फुप्फुसाला वाईट, तेव्हा काम उघड्यावर करा.

लोहाराकडे फाळ शेवटून (तापवून, ठोकून टोक काढून) घेणाऱ्यांनी एक बघावं: साध्या लोखंडात कार्बन कमी, त्याला कितीही पाणी दिलं तरी ते कठीण होत नाही. गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादाला पाणी चढतं.

खर्च परवडतो का, हे आपल्याच रानात बघा. एका फणाला थर द्या, एक तसाच ठेवा आणि काही एकरांनंतर पट्टीने लांबी मोजा. दोन्ही फण ट्रॅक्टरच्या चाकामागचे निवडा, कारण दबलेल्या मातीत तिथले फण जास्त झिजतात.