ऑपेराचे कॉस्च्यूम करताय? स्केचबुक जरा बाजूला ठेवा

आधी लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची (गाऊन सादर होणाऱ्या नाटकाची) संहिता वाचा, पेन्सिल हातात घेऊनच, कारण कपड्यांबद्दल बरंच काही तिथेच लिहिलेलं असतं. 'कार्मेन' या ऑपेरात (१८७५) मिकाएलाचा निळा स्कर्ट आणि वेणी चक्क शब्दांतच आहे, म्हणजे ही साधी गावाकडची पोरगी हे आल्याआल्याच कळतं. कार्मेनला मात्र सगळे डोळे झाकून लाल झालरीचा ड्रेस चढवतात, अहो ती सिगारेटच्या कारखान्यात राबणारी बाई आहे, उकाड्यात सुट्टी झाल्यावर बाहेर येते, ते आधी दिसू दे ना!

एकच भारी ड्रेस काढून खूश होऊ नका. कुठल्या अंकात ते पात्र कुठून आलंय हे विचारत जा. 'तोस्का' ऑपेरात गायिका तोस्का दुसऱ्या अंकात राजवाड्यात गाऊन थेट खलनायक स्कार्पियाकडे येते, म्हणून तिथे ती पूर्ण नटलेली हवी आणि त्याच थाटात ती त्याला सुरी मारते, साध्या कपड्यांत तो सीन निम्मा पडेल.

'फिगारोचं लग्न' या ऑपेरात (१७८६) तर कपडे म्हणजेच गोष्ट. शेवटच्या अंकात काउंटेस आणि तिची दासी सुझाना एकमेकींचा वेश घेतात, बागेत, अंधारात, त्यामुळे दोघींचा रंग आणि घेर पहिल्यापासून इतका वेगळा ठेवा की अदलाबदल शेवटच्या रांगेतही कळेल. केरुबिनो हा मुलगा, गाते बाई, त्यात गोष्टीत त्याला मुलीचे कपडे घालतात 😄 म्हणून आधीचा कोट-पँट खांद्यात आणि कमरेत पक्का मुलाचाच कापा, नाहीतर गंमत गेली.

रंग स्टेजच्या लाइटखालीच बघा, लाल लाइटमध्ये हिरवा कपडा काळपट दिसतो.

आता गळा. गायक श्वास घेतो तेव्हा बरगड्या फुलतात, कॉर्सेट करकचून बांधलात तर लांब ओळ संपली, म्हणून बाजूला इलॅस्टिकची पट्टी घाला. कॉलर गळ्याला काचायला नको, टोपी किंवा विगने कान झाकायला नकोत, ऑर्केस्ट्रा ऐकू यायला हवा. झटपट बदलायला टिचबटणं बरी, वेलक्रोचा चर्रर्र आवाज हळू संगीतात जाम ऐकू येतो. शिवणीत माया (आतलं जादा कापड) भरपूर सोडा, उद्या दुसरी सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी गायिका) तोच ड्रेस घालेल. आणि फिटिंगला नुसतं आरशासमोर उभं करू नका, गायला लावा, गुडघ्यावर बसवा, मरायचा सीन असेल तर आडवं पाडूनही गायला लावा.