जायकवाडीच्या काठावर चिखलपक्षी बघताना या चुका टाळा

जानेवारीत कुणीतरी रोहित पक्ष्यांचे फोटो टाकतं आणि पुढच्या रविवारी पैठणकडे गाड्यांची रांग लागते. दुपारी परतताना अनेकांचं एकच म्हणणं असतं, "काहीच नव्हतं हो." खरं तर पायाशी, गाळाच्या रंगात मिसळून, शेकडो टिलवे आणि तुतवार, म्हणजे काठाच्या गाळात खाणं शोधणारे छोटे चिखलपक्षी, चरत असतात. सायबेरियाच्या टुंड्रात अंडी घालणारा छोटा टिलवा जेमतेम तीस ग्रॅमचा. तो आपल्या गोदेच्या गाळावर हिवाळा काढतो.

टक्का, म्हणजे धरण किती भरलंय ते, न बघता निघणं. ही सगळ्यात मोठी चूक. कोकणात भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते. नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, ओहोटी वर्षातून एकदाच, तीही कालव्यांतून पाणी सुटतं आणि उन्हाने आटतं म्हणून. धरण शंभर टक्के भरलेलं असेल तर पाणी थेट बाभळींना टेकतं आणि उघडा गाळ मिळत नाही. टिलव्याचे पाय बोटाच्या दोन पेरांएवढे, तो खोल पाण्यात उभाच राहू शकत नाही. अशा वर्षी तो जवळच्या पाझर तलावाच्या उथळ कडेला शोधा. जायकवाडीचा टक्का मराठवाड्यात सगळेच रोज वाचतात, पक्षी बघणाऱ्यानेही तो वाचूनच निघावं. पाणी उतरलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये कायगाव टोक्यापासून खाली रुंद, ओला काठ उघडा पडतो. माझ्या मते खरा हंगाम तोच. आणि सुरुवात हिवाळ्यात होते असंही समजू नका, पोळ्याच्या आधीच पहिले तुतवार आलेले असतात.

चालत जवळ जाणं. मार्चमध्ये या पक्ष्यांना परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते. फोटोसाठी थवा उठवला की तेवढं खाणं बुडतं आणि साठवलेलं उडण्यात खर्च होतं. दिवसात पाच जणांनी तो पाचदा उठवला तर हिशोब तुम्हीच करा. पक्षी चरायचे थांबून मान वर करून बघू लागले, की तुम्ही जास्त पुढे आलात. तिथेच खाली बसा. ऊन पाठीवर घ्या आणि अर्धा तास हलू नका. पाण्याच्या रेषेवरून चरत टिलवे आपणहून तुमच्याकडे सरकतात. चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी गाळात भराभर खालीवर होते, आणि मागे बारीक भोकांची रांग उरते. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुर्बीण खाली ठेवली, तिची गरजच उरली नव्हती. सकाळी दहानंतर मात्र गाळावर ऊन लहरू लागतं आणि काही नीट दिसत नाही.

पायाच्या रंगावर विसंबणं. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर, हे पुस्तकात ठीक. गाळाने माखल्यावर सगळेच काळे दिसतात. छाती बघा: टेमिंकची सलग करडी-तपकिरी, छोट्याची पांढरीशुभ्र. हिरवा तुतवार उडताना पंखाखालून जवळजवळ काळा दिसतो, ठिपकेवाला फिकट. पाणटिवळा हा लांब चोचीचा चिखलपक्षी उडाला की पंखावरची पांढरी पट्टी ठळक दिसते, म्हणून आधीच डोळा लावून ठेवा.

काठावर झाडं लावणं. हेतू चांगलाच असतो, पण या पक्ष्यांना उघडं मैदान लागतं. झाडी वाढली की शिकारी पक्ष्याला बसायला जागा होते आणि थवे तो काठ सोडतात. १९८६ पासून हे अभयारण्य आहे, तिथे रोपं लावण्याआधी वनविभागाला विचारा.

उघड्या पात्रात गाडी घालणं. एप्रिलमध्ये टिटवी, आर्ली आणि कंठेरी चिखल्या हे पक्षी थेट जमिनीवर अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात, चाकाखाली गेलेली कळतही नाहीत. गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या गाळात पेरणी, करणाऱ्या शेतकऱ्यांना घरटी कुठे आहेत ते बहुधा ठाऊक असतं. राम राम करून त्यांनाच विचारा, आणि एखादं घरटं नांगरातून वाचवता येईल का तेही बोलून घ्या.

जाळ्यात अडकलेला पक्षी ओढणं. फेकलेल्या नायलॉन जाळ्याचा धागा पायात रुततो आणि ओढला की पाय तुटतो. आधी पक्ष्यावर सुती रुमाल टाका. अंधार झाला की तो शांत होतो. मग कात्रीने धागा कापा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. उरलेलं जाळं गुंडाळून सोबत घरी आणा. काठावर सोडलंत तर उद्या त्यात दुसरा पाय असेल.