क्रीडा संकुलातील सुरक्षा काच: निविदेपासून बसवणीपर्यंत

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथे क्रीडा संकुल वा बंदिस्त हॉल उभारताना, माणूस ज्या काचेवर आदळू शकतो किंवा जी काच माणसावर पडू शकते, त्या साऱ्या जागा आधी नकाशावर खुणावून घ्याव्यात. दारे, दारालगतची तावदाने, जमिनीपर्यंत आलेल्या काचभिंती, प्रेक्षक गॅलरीचे कठडे आणि छतातील काच या त्या जागा होत. माणसाच्या धडकेपासूनच्या सुरक्षिततेचा विचार 'आयएस १६२३१' या भारतीय मानकाच्या चौथ्या भागात आहे, तर सुरक्षा काचेची प्रत 'आयएस २५५३, भाग १' ठरवते. निविदेत हे दोन्ही क्रमांक लिहावेत. नुसते 'चांगल्या प्रतीची काच' लिहिल्यास ठेकेदाराला जाब विचारता येत नाही.

टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच, फुटल्यावर तिचे बोथट बारीक तुकडे होतात, मात्र चौकट रिकामी होते. म्हणून कठड्याला आणि डोक्यावर लॅमिनेटेड काचच घ्यावी, कारण तिच्यातील प्लास्टिकचा थर तुकडे धरून ठेवतो. आत तारेची जाळी असलेली काच मजबूत दिसते, तरी केवळ जाळीमुळे ती धडकेला सुरक्षित ठरत नाही. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत राहणारी साधी रंगीत काच अशा तापमानफरकाने तडकू शकते, हेही निवड करताना ध्यानात ठेवावे.

खरी गफलत बसवणीच्या वेळी होते. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता किंवा भोके पाडता येत नाही, त्यामुळे चौकट पक्की बसल्यावरच माप घ्यावे. माप चुकले की घाईत कापून आणलेली साधी काच बसवली जाते आणि वरवर पाहता फरक कळत नाही. यासाठी प्रत्येक तावदानाच्या कोपऱ्यातला कायमस्वरूपी शिक्का वाचावा: आयएसआय चिन्ह, वर मानक क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर लगेच पडताळता येतो. नुसता कागदी स्टिकर स्वीकारू नये.

काचेची कड धातूला थेट टेकू देऊ नये, मध्ये रबर हवे. काचभिंतीवर मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्या, अशा दोन्ही नजरेच्या उंचीवर ठळक पट्टे लावावेत. शेवटी, कोणत्या जागी कोणती काच, किती जाडीची, हे संकुलाच्या नोंदवहीत लिहून ठेवावे, म्हणजे उद्या तावदान फुटल्यास त्याच प्रतीची काच मागवता येईल.